शेवंतीचे हार घातलेली चित्रे

चित्रकलेविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही, आणि लिहिण्याची सवयही उतारवयात लागलेली. तरीही लोणावळ्यातील त्या प्रदर्शनाविषयी कुणीतरी लिहून ठेवावे असे वाटत राहिले, आणि दुसऱ्या कुणी लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही.

त्या काळी मी तेथील मुलींच्या शाळेत शिकवीत असे. गावाच्या वरच्या अंगाला एका बंगल्यात एक वृद्ध फ्रेंच चित्रकार बाई राहत. आपल्या देशात त्यांनी मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी पुष्कळ चित्रे काढली होती. पण त्या पुस्तकांत त्यांचे नाव शोधावे लागे. हवा मानवली म्हणून त्या इकडे राहिल्या, आणि राहिल्या त्या कायमच्याच.

वाचनालयाच्या शेजारी दोन खोल्यांत आमचे लहानसे संग्रहालय होते. जुनी नाणी, कोरीव दगड आणि पेंढा भरलेला एक बिबट्या एवढाच त्याचा संसार. दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीच्या एका हिवाळ्यात त्याच्या चालकांनी बाईंचे आयुष्यभराचे काम तेथे एकत्र मांडायचे ठरविले. महाविद्यालयात मी थोडे फ्रेंच शिकले होते. तेवढ्यावर चित्रांखालचा मजकूर मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले.

ती चित्रे पाहताना मी मजकूर विसरून जाई. पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजणाऱ्या बाईच्या चित्रात धूर रंगविलेलाच नव्हता. तेवढा कागद कोरा सोडला होता, आणि त्या कोऱ्या कागदाने डोळे चुरचुरतील असे वाटे. परीकथेतल्या राजकन्येसाठी त्यांनी जी नाजूक रेघ वापरली होती, तीच रेघ मावळातल्या शेतकऱ्याच्या तळपायाच्या भेगांसाठीही होती. त्या दोहोंत त्यांनी अंतर केले नव्हते.

त्यांची कामाची पद्धत निराळी होती. जवळच्या बेडसे गावी लोकांच्या अंगणात बसून त्या फक्त हातपाय काढीत. चेहरा मनात घेऊन परतत आणि तो बंगल्यावर, कधी कधी महिन्यांनी, पुरा करीत. त्यामुळे गावात कुणी चित्रातला आपला चेहरा पाहिलाच नव्हता. "मडम निसतं पाय काढती," अशी त्यांची थट्टा चाले.

उद्घाटनाला बेडशाच्या मंडळींना बोलावणे गेले होते. "ते येतील ना?" बाई मला रोज विचारीत. एकदा म्हणाल्या, "त्यांनी स्वतःला ओळखले नाही, तर इतकी वर्षे मी काय केले?"

उद्घाटनाच्या सकाळी मी पोहोचले तेव्हा बेडशाच्या बैलगाड्या दारात सुटल्या होत्या आणि मंडळी आत शिरत होती. त्यांच्या मागून मी आत गेले आणि जागीच थांबले. माणसांच्या प्रत्येक चित्राला शेवंतीचा टपोरा हार होता. घरोघरी तसबिरींना हार पाहून, सन्मान करण्याची हीच रीत असावी, असे बाईंनी मानले होते. ते हार पहाटे त्यांनी स्वतः घातले होते.

बेडशाचे वयस्क आबा आपल्या चित्रासमोर उभे होते.

"मी जिता हाय न् मला हार?"

त्यांच्यामागून एका म्हाताऱ्या मावशीने पदर तोंडाला लावला. "आबा, तुमी कवा गेलात वं? तेराव्याला बी न्हाई बोलावलं आमाला!"

हशा पिकला, पण तो टिकला नाही. मावशीच्या सुनेने आपल्या लेकीचे चित्र पाहिले होते. लेक तिच्याच कडेवर होती आणि भिंतीवर तिच्या चित्राला हार होता. ती किंचाळली, पोरीला पदराखाली घेऊन बाहेर धावली. पाठोपाठ सगळेच अंगणात उतरले. आबा बैल जुंपायला सांगू लागले.

बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी अडखळत, चुकीच्या क्रियापदांनी, हाराचा अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पहिला हार उतरविला, मग दुसरा. मीही उतरवू लागले.

सगळे हार निघाल्यावर बाई अंगणात गेल्या आणि त्या सुनेपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. मराठीत त्यांना दोनच शब्द सुचले : "चुकलं माझं."

सून मान वर करीना. मावशीने मात्र बाईंना नीट न्याहाळले. "तिला काय ठावं गं? आपल्याकडं बघूनच केलंय तिनं." मग संग्रहालयाच्या शिपायाकडे वळून म्हणाली, "ए भाऊ, मीठ-मोहऱ्या आन. इंगळ बी आन."

शिपायाने घरातून शेगडी आणली. मावशीने मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन नातीवरून उतरविल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. मग तिने पुन्हा मूठ भरली आणि सरळ आत निघाली.

"मावशी, कागद आहे तो!" चालक घाबरून म्हणाले.

"कागद कुटला? हितं बी पोरगीच हाय की." आणि चित्रातल्या मुलीवरून, डोक्यापासून पायापर्यंत, तिने तशीच शांतपणे दृष्ट उतरविली.

सून उंबऱ्यापर्यंत आली. तिच्या मागून आबांचा आवाज आला, "अन् माजी गं?"

"तुमाला बगून दिष्टच पळंल!" मावशी म्हणाली.

आबा गुरगुरत आत आले. आपल्या चित्रापुढे ते वाकले, मग बोट नाचवीत म्हणाले, "ह्ये नाक माज्या बाचं हाय. बाचंच नाक."

बाईंनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी ते वाक्य मला मराठीतच पुन्हा म्हणायला लावले, आणि मग भिंतीकडे तोंड करून स्वतः हळूहळू म्हणून पाहिले.