माळावर न पोचलेलं पाणी

माझा चुलता तोफखान्यातून निवृत्त होऊन उंब्रजजवळच्या आमच्या गावी आला तो हुकूम सोडतच. म्हशीलासुद्धा तो 'सावधान' करायचा आणि खोटं कशाला सांगू, म्हैस कान टवकारायची.

वाटणीत त्याला नदीपासून उंचावरचा कोरडा माळ आला होता. काकूचं म्हणणं, पुण्याला मुलाकडे जाऊ. शेवटी दोघांत तह झाला. उन्हाळ्याआधी माळावर पाणी आलं तर इथंच राहायचं, नाहीतर बिऱ्हाड हलवायचं.

चुलत्यानं चढ स्वतः मोजला आणि पंपाच्या दुकानात जाऊन गरजला, "चढ नव्वद!" पुढं काही नाही. तोफखान्यात सगळं मीटरातच. वेगळं कोण सांगतो? दुकानदाराचा जन्म विहिरींची खोली फुटांत ऐकण्यात गेलेला. त्यानं नव्वद फुटांचा पंप दिला आणि तेवढाच दाब सोसणारे पाइप.

पंप सुरू झाला त्या दिवशी हलगी होती, पेढे होते. पेढे संपले, हलगीवाला घरी गेला. माळावरच्या पाइपातून थोडा वारा आला, मग तोही दमला.

दुकानात जुंपली.

"आवं फौजी, मीटर म्हनायचं तरी!"

"आमी दुसरं कवा बोललो रं?"

"हितं सगळी फुटातच बोलत्यात!"

चुलत्यानं हट्टानं मोठा पंप आणला. "पाइप सोसायचं न्हाईत," दुकानदार म्हणाला. पण सगळे पाइप जमिनीत गाडलेले. पुन्हा उकरून नवे घालण्याची ऐपत उरली नव्हती.

बटण दाबलं आणि नदीकाठी पाइप फुटला. काय कारंजं उडालं! राजाच्या बागेत शोभावं असं. पोरं नाचली, मीही हसलो. मग वर पाहिलं. चुलता माळाच्या टोकाला पाइपाच्या तोंडाशी उकिडवा बसला होता, खाली ओंजळ धरून. आमचा आरडाओरडा त्याला ऐकूच जात नव्हता.

काकू चढून वर गेली. मी मागोमाग होतो.

"आवं, ऱ्हाऊ द्या. पुढल्या वर्षी बघू की," ती म्हणाली.

त्यानं ओंजळ सोडली, हात धोतराला पुसले. ते कोरडेच होते.

"न्हाई. ठरलं म्हंजे ठरलं."

उन्हाळा लागला तेव्हा तो ताठ मानेनं गाडीत बसला. रडत होती ती काकू.