काळ थांबवणारा मंत्र

माझा थोरला भाऊ कागदावर जादूगार होता. बोटीवर नोकरीला असताना बरोबरच्या खलाशांकडून त्याने कागदावर पात्रं रचून फाशांनी खेळायचा एक खेळ उचलला आणि निवृत्त होऊन गावी केरीला परतला तो वीस बाजूंचे फासे आणि नियमांचं जाडजूड पुस्तक घेऊनच. साठीला टेकलेला माणूस! गाव हसलं. आम्ही मात्र खेळलो. मी दर रविवारी सर्वणहून स्कूटर हाणत जायचो. वहिनी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्या गोष्ट सांगायच्या आणि राक्षस उभे करायच्या. दादा जादूगार, मी तलवारवाला. एकच मोहीम आठ वर्षं चालली.

ते पुस्तक मला तोंडपाठ होतं. कोणी चुकीचा फासा टाकला की मी पान काढून नाकासमोर धरायचो. "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, भावजी," वहिनी चिडवायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी दादाचा जादूगार सतराव्या पायरीवर पोचला. त्या पायरीवर सर्वांत मोठ्या मंत्रांपैकी एक मिळतो, एकच. त्याच महिन्यात दादाच्या पोटात गाठ निघाली, आणि ती पसरलेली होती. डॉक्टर सरळ बोलले. बरा होणार नाही. औषधं चढवली तर काही महिने जास्त मिळतील, पण ते बरेचसे इस्पितळातच जातील. घ्यायची की नाहीत, ते तुम्ही ठरवा.

त्या रविवारी दादाने आधी मंत्राचा विषय काढला. म्हणाला, काळ थांबवणारा घेतो.

माझं डोकंच फिरलं. तो मंत्र म्हणजे नुसतं नाव मोठं. सगळं जग गोठतं आणि जादूगाराला एकट्याला दोन ते पाच पाळ्या जास्त मिळतात, इथवर छान. पण त्याने कोणालाही हात लावला, कोणाच्या अंगावरच्या वस्तूला जरी लावला, की मंत्र मोडला! शत्रूला मारता येत नाही, मित्राला ओढून बाजूला करता येत नाही. "मग तो वेळ घालायचा कुठे, चुलीत?" मी विचारलं. त्यापेक्षा आकाशातून आगीचे गोळे पाडणारा मंत्र घे, एका दमात अख्खं सैन्य खलास. मी पानंच्या पानं वाचून दाखवली. तासभर तरी बोललो असेन.

दादा कडक उंड्या-पावाचा तुकडा चहात बुडवून ऐकत होता. मग म्हणाला, "माका कोणाचा काय एक करूचा नाय रे. नुसता बसान रवूचा."

"नुसतं बसून राहायला मंत्र कशाला लागतो?" मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. दादाने आगीचे गोळे लिहून घेतले. तो मला काय सांगत होता ते वहिनींना कळलं होतं, आणि मला, आठ वर्षं त्याच्या शेजारी बसणाऱ्या सख्ख्या भावाला, कळलं नाही. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

औषधांचं मात्र ठरेना. तेव्हा आमच्याकडे करतात तेच केलं, गावच्या देवाला कौल लावला. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दादाने स्वतः विचारायला लावलं, "घरीच रवलंय तर चलात मां?" म्हणजे घरीच राहिलो तर चालेल ना. थोड्या वेळाने उजवी पडली. दादाने हात जोडले. त्याचा चेहरा एवढा मोकळा झालेला मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता.

आणि मी तोंड उघडलं. म्हटलं, प्रश्न चुकला. घरी राहिलेलं चालेल म्हणजे औषधं घेऊ नको असं थोडंच होतं! पुजारी म्हणाला, एकदा दिलेल्या कौलावर परत विचारू नये. मी म्हटलं, हा वेगळा प्रश्न आहे. विचारा, औषधं घेतली तर आयुष्य वाढेल का? परत पाकळ्या लावल्या. परत उजवी पडली. "झालं ना?" मी दादाला म्हणालो. देवळात तो माझ्याशी वाद घालणार नव्हता, ते मला माहीत होतं.

आयुष्य वाढलं. देव खोटं बोलला नाही. तीन महिने जास्त मिळाले असतील, ते सगळे पणजीच्या बाजूच्या एका इस्पितळात गेले. जंतूंची भीती म्हणून कोणी जवळ जायचं नाही. वहिनी काचेच्या जनेलाबाहेर, खिडकीला लागून स्टुलावर बसायच्या. दादाचे केस गेले, जीभ सोलवटली, पाणीसुद्धा आग आग करत उतरायचं. मला औषधांचे सगळे नियम पाठ झाले.

शेवटी शेवटी जवळ बसू देऊ लागले. एका शुक्रवारी त्याने माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता.

"घराक व्हर माका."

"दादा, असं काय करतोस? देवाने होय म्हटलंय ना?"

"पयल्या खेपेक पण होयच म्हटल्यान."

गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही. म्हणालो, सोमवारचा डोस एवढा होऊ दे, मंगळवारी नेतो. त्याने मनगट सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

रविवारी दुपारी तो गेला. कागदपत्रं उरकेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. सोमवारी त्याला घरी नेलं.