मांडीखालचा हात

तिच्या घरात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं: गाडी मरगळली की अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबायचा. दादाच्या टेम्पोवर ती गाडी शिकली. चढाला इंजिन कुंथायला लागलं की दादा ओरडायचा, "अगं, लाजतेस काय? दाब की!" घरात तिचं नावच 'भरधाव' पडलं होतं.

मागच्या परीक्षेत ही सवय तिला नडली. सिम्युलेटरमधलं विमान उंचावर सरळ चाललेलं, वेग घसरू लागला आणि तिनं दोन्ही पॉवर लिव्हर पुढे रेटले. इंजिनं करपली. विमान खोटं होतं, 'नापास' मात्र खरं. आज त्याच सिम्युलेटरमध्ये शेवटची संधी. आज चुकली तर वैमानिकाची नोकरी हातची गेली.

डावीकडच्या खुर्चीत कॅप्टन म्हणून एक प्रशिक्षक होते, तिनं सांगितलं तेवढंच करणारे. मागे परीक्षक. शिकाऊ पोरं त्यांना पाठीमागे 'थंडोबा' म्हणत.

काचेबाहेर नुसता पांढरा ढग. वेग हळूच उतरू लागला. वायपरच्या दांडीवर पांढरी कड धरली होती.

"बर्फ," ती म्हणाली. "हीटिंग चालू करा."

कॅप्टननी बटणं दाबली. बर्फ वितळवायची गरम हवा इंजिनाकडूनच घेतली जाते. तापमानाचे काटे भराभर लाल रेघेकडे चढले. वेग तर अजून पडतच होता. तिचा डावा हात लिव्हरवर होता आणि कानात दादा बोंबलत होता: दाब की!

तिनं लिव्हर मागे ओढले. थोडेसेच. काटे रेघेच्या अलीकडे थांबले. मग हाताचा भरवसा नको म्हणून तिनं तो सरळ मांडीखाली घातला.

"खाली उतरायची परवानगी मागा."

कॅप्टननी मागितली. कंट्रोल टॉवरच्या थाटात थंडोबाच मागून म्हणाले, "थांबा. खाली दुसरं विमान आहे."

वेग आणखी उतरला. सगळी खुर्ची थरथरू लागली; आता विमान कोसळायच्या बेतात होतं. मांडीखालचा हात वळवळला.

"त्यांना सांगा, थांबता येत नाही. आणीबाणी आहे. मी उतरतेय." ऑटोपायलट काढून तिनं नाक खाली केलं; उतारावर वेग आपसूक येतो.

थंडोबांनी मागे कागदावर काहीतरी लिहिलं. मग, "खालचं विमान वळवलंय. उतरा."

वेग परत आला. ढग संपला. दांडीवरची पांढरी कड तुटून उडाली.

दिवे लागले. थंडोबा तिच्या हाताकडे बघत होते. "बाई, अशी बैठक आमच्या पुस्तकात नाही." त्यांनी कागदावर सही केली. "पण पास."

बाहेर दादा टेम्पोला टेकून उभा होता. "काय गं भरधाव, दाबलंस ना?"

"नाही. उलटं मागे ओढलं."

"मागे? आणि तरी पास केलं?" दादानं टेम्पो सुरू केला. "कसली गं ही विमानं!"

पुढच्या चढाला टेम्पो कुंथायला लागला. दादानं पाय दाबला. तिचा हात आपोआप मांडीखाली गेला.