पुढची चाकं फिरेनात

माणूस आपल्याला फसवतोय असा संशय एकदा मनात आला, की त्याने पूर्वी केलेल्या चांगल्या गोष्टीसुद्धा पुरावा वाटू लागतात. यमुनेच्या वाळूत जीप रुतली, त्यानंतर आठवडाभर मी हेच करत होतो.

जीप आमची, पण मूळची सुभेदारांची. सुभेदार साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाले, फरीदाबादला एका कारखान्याची सुरक्षा बघू लागले आणि दिल्लीत आमच्या घरचेच झाले. बायको त्यांना भाऊजी म्हणते. माझ्या आजारपणात इस्पितळात रात्री बसायला तेच होते. कॅन्टोन्मेंटमधलं घर सोडताना त्यांनी हौसेने सांभाळलेली ती जुनी जीप मला विकली. "फोर-बाय-फोर एकदम ओके आहे, भाऊ," म्हणाले. जाणकार लोक इंजिन ऐकतात म्हणून मीही बॉनेटजवळ कान नेला. काही कळलं नाही, पण मान डोलावली.

वाळूत मागची चाकं गरगर फिरायला लागली तेव्हा खरं तर मी खूश झालो. चारही चाकांना जोर देणारा तो गिअरशेजारचा धाकटा लीव्हर बायको-मुलीसमोर ओढायचा योग इतक्या वर्षांत प्रथमच येत होता. ओढला. समोरचा पिवळा दिवाही लागला. मागची चाकं आणखी खोल गेली आणि पुढची ढिम्म. मुलगी खाली उतरून बघून आली आणि म्हणाली, "बाबा, पुढचे व्हील्स तर चिल करतायत यार." शेवटी पलीकडच्या कलिंगडाच्या वाडीतला ट्रॅक्टर आला.  सोसायटीच्या गेटाशी बायकोने विचारलं, "तो लीव्हर शोभेचा आहे का?"

मग मोबाइलवर शोधलं. अशा जुन्या जीपला नुसता लीव्हर पुरत नाही. खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध जो हब असतो, त्यावरची चकती हाताने 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवायची असते. त्याशिवाय इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचतच नाही. लगोलग पार्किंगमध्ये गेलो. चकती हलेना. दुसऱ्या चाकाची तर त्याहून घट्ट. पकडीने धरून पिळली, तर कडेचा टवका उडाला.

दोन्ही जाम. एक जाम झाली असती तर नशीब म्हटलं असतं. दोन्ही म्हणजे त्यांना ठाऊक असणार, हे मी जिन्यातच ठरवून टाकलं.

त्यानंतर सगळं नव्याने आठवायला लागलं. किल्ली देताना ते पुढच्या चाकाशी वाकले होते, हात लावून तो कपाळाला लावला होता. तेव्हा माझे डोळे पाणावले होते. आता वाटलं, चकतीवर हात कशाला ठेवला? झाकायला? "गाडीला उगाच त्रास देऊ नका" हेही म्हणाले होते. शिवाय दर रविवारी पोहे खायला येतात आणि वर जायच्या आधी जीपभोवती एक चक्कर मारतात. पोह्यांवर एवढं प्रेम कुणाचं असतं?

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजींना सरळ विचारा." हा उपाय मला फारच बाळबोध वाटला. सरळ विचारलं आणि ते हो म्हणाले, तर दिल्लीत हक्काने हाक मारावी असा माणूस कोण उरणार? म्हणून मी धूर्तपणा केला. हब जरा घट्ट वाटतात, रविवारी बघू, एवढंच फोनवर बोललो आणि पलीकडचा आवाज कापतो का ते ऐकलं. आवाज कापला नाही. मुरलेला माणूस, मी मनात म्हटलं.

रविवारी ते जुना बनियन घालून पान्यांची पिशवी घेऊनच आले. हबचे बोल्ट काढताना मी त्यांच्या हाताकडे कमी आणि तोंडाकडे जास्त बघत होतो. एक बोल्ट आम्ही दोघांनी मिळून उलटा पिळला, तेवढ्यापुरता संशय बाजूला ठेवला. झाकण निघालं. आतली रबरी रिंग तडकून गेली होती आणि चकतीमागे लालसर काहीतरी दगडासारखं थिजलेलं होतं.

"गंज," सुभेदार म्हणाले.

"जुना दिसतोय," मी म्हणालो. जुना या शब्दावर जरा जोर दिला.

बायको चहा घेऊन खाली आली होती. तिने वाकून नखाने खरवडलं, बोटांत चुरलं, वास घेतला. त्यातून तांदळाचा एक दाणा निघाला.

"अहो, हे कुंकू आहे."

दर दसऱ्याला ती जीपची पूजा करते. चाकाच्या बरोब्बर मध्यावर ओलं कुंकू, अक्षता आणि फोडलेल्या नारळाचं पाणी. तबक धरून शेजारी मी. बाकीच्यांचं कुंकू पुढच्या पावसात धुऊन जातं. आमचं चकतीच्या कडेच्या फटीतून आत जाऊन वर्षानुवर्षं मुरत होतं.

मी सुभेदारांकडे बघायचं टाळून दुसऱ्या चाकाकडे गेलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातामुळे मला फार लाज वाटली.

बायको मात्र अजून खरवडत होती. लाल थराखाली तिला पिवळाधमक थर लागला.

"भाऊजी, हा भंडारा. आमच्याकडे भंडारा कधीच नसतो."

सुभेदारांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्या हिचं माहेर जेजुरीच्या अंगाला." आणि हात पुसत, "खरं सांगू का, मला वाटलं होतं, तुम्ही चिखलात घालून वाट लावली. दर रविवारी तेच बघत होतो."

म्हणजे चक्कर संशयाचीच होती, फक्त माझ्यावरच्या. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचा चहाही पिऊन टाकला.

रॉकेलने धुऊन, नवी रिंग आणि ग्रीस घालून हब बसवले. पुढच्या रविवारी वाळूत सुभेदार चाकांशी वाकले, दोन्ही चकत्या 'लॉक'वर वळवल्या, मी लीव्हर ओढला आणि पुढची चाकं वाळू उडवत निघाली.

या दसऱ्याला ते सोनं द्यायला पूजेच्या आधीच हजर झाले. बायकोने करंडा उघडला तसे ते एका चाकासमोर चकती झाकून उभे राहिले. दुसऱ्यासमोर मी होतोच.