मी अठरा वर्षांचा झालो त्याची गोष्ट

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी अठरा वर्षांचा झालो. त्यासाठी केळीचं खोड सोलावं लागलं.

बायको वैशाखात गेली. तिच्या फोनमध्ये तिच्या आवाजातला एक निरोप आहे, आमच्या सुनेला, मंगलला धाडलेला. तो मी दिवसातून तीनदा ऐकतो, औषधासारखा.

एका दुपारी ऐकायला गेलो आणि भलतंच काही दाबलं. चौकट आली: 'वय अठरा पूर्ण आहे का? चेहरा दाखवा.' मला बरंच वाटलं. बाईमाणसाचा आवाज आहे, फोन कुणाही ऐऱ्यागैऱ्याला कसा ऐकवेल?

चेहरा दाखवला. वय पटत नाही म्हणे! (मिशी दहाव्याला उतरवलेली, कवळी वाटीत.) कवळी बसवली. आता उजेडात या! रावेरच्या उन्हात अंगणात उभा राहिलो, मान डावीकडे, मान उजवीकडे. शेजारचे नाना कुंपणावरून म्हणाले, "आबा, उन्हात काय करू राह्यले?"

"तुमची वहिनी आत आहे. हा भेटू देत नाही."

नानांनी डोक्यावरची टोपी काढली.

तेवढ्यात फोन तव्यासारखा तापला, 'थंड होऊ द्या' म्हणाला आणि बंद पडला. आवाज जळाला तर? तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, आत पाणी धरतं, हे मंगलनं बजावलेलं. नाहीच ठेवला! परसातल्या केळीच्या खोडाचं गारेगार सोपट सोललं आणि त्यात गुंडाळला. (खोडाबद्दल ती काही बोलली नव्हती.)

अर्ध्या तासानं चिकानं माखलेला फोन जागा झाला. चेहरा दाखवला. पटला! मी हाकाच मारल्या, "मंगल, ये गं! झालो अठराचा!"

मंगल आली, नानाही आले. फोनवर बाई आली. पण आमची नव्हती. कपडे इतके बेताचे की रावेर तालुक्यातली तर नव्हतीच! नाना चष्मा पुसायला लागले. (पुसून पुन्हा लावला.)

मंगलनं तोंडाला पदर लावून फोन घेतला, चीक पुसला, कुठंसं दाबलं. आणि अंगणात आमच्या हिचा आवाज आला, ठणठणीत:

"मंगल, ह्यांना माह्या फोनले हात लावू देऊ नको. काहीतरी दाबून ठेवतीन."

हाच तो निरोप. दिवसातून तीनदा ऐकतो, आणि तरी दाबतोच!