उकड की उखड

हरभऱ्याची कोवळी रोपं ट्रेमध्ये आडवी पडली होती. मुळं उघडी, त्यांना रोपं वाढवायची जेली चिकटलेली. माझी रिसर्च फेलो मीनल शेजारी समाधानानं उभी होती.

“हे काय केलंस?” मी विचारलं.

“ताई, तुम्हीच फोनवर बोललात ना, सगळी उखडून टाक.”

मी कपाळाला हात लावला. बबीनाच्या एका शाळेत व्याख्यानाला गेले होते, तिथून फोन केला होता. म्हणाले होते, “उकडून टाक.”

आमच्या लॅबमध्ये हरभऱ्यात परका जीन घालायचं काम चाले. जीन म्हणजे पेशीला दिलेली सूचना. ती आत पोचवतो मातीतला एक जिवाणू. झाडाच्या पेशीत स्वतःचे जीन घुसवायची त्याची जुनी खोड आहे. आपण फक्त त्याच्या पिशवीत आपला माल भरून द्यायचा. फसलेली रोपं मात्र कचऱ्यात टाकता येत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, मारावी लागतात. माझ्या भाषेत, उकडायची. मीनलच्या घरी मराठी आहे, पण आमच्या या हिंदी मुलखात तिच्या कानाला ‘उखाड़ना’, म्हणजे उपटणं, जास्त ओळखीचं.

त्या जीनसोबत निळ्या रंगाची एक सूचनाही जोडलेली असते; जीन लागला असेल तर रंगाच्या पाण्यात ठेवलेला तुकडा निळा होतो. आम्ही सगळ्या रोपांची पानं तपासली होती. एकही निळं झालं नाही. हा शेवटचा लॉट होता. मीनलची पीएचडी त्याच्यावर टांगलेली, आणि डायरेक्टरसाहेब प्रोजेक्ट बंद करायला टेकलेले.

“मुळं उघडी पडलीच आहेत,” मी म्हटलं, “तर त्यांचेही तुकडे रंगात घाल. रोपं ओल्या कापसात ठेव. उद्या उकडू.”

सकाळी एक तुकडा निळाशार झाला होता. मीनलनं साहेबांना बोलावून आणलं.

“मॅडम, स्याही तो नहीं गिरी?” साहेबांनी विचारलं.

“नहीं सर. चना खुद नीला हुआ है।”

त्या रोपाची एकच बाजू बदलली होती, आणि आम्ही पान तोडलं होतं नेमकं दुसऱ्या बाजूचं.

निळ्या रंगाची ती सूचना मुळात आपल्या आतड्यात राहणाऱ्या एका जिवाणूची. हरभऱ्याशी त्याचा काय संबंध? तरी हरभऱ्यानं ती वाचली आणि अक्षरही न चुकता पाळली. माझे डोळे भरून आले. साहेबांनी डिश उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग हळूच म्हणाले, “चलने दीजिए।”

निळ्या बाजूच्या फुटव्याचं आम्ही साध्या हरभऱ्यावर कलम केलं. ते जगलं, शेंगा धरल्या. मीनलची पीएचडी झाली.

तो आतड्यातला जिवाणू आणि हरभरा एकाच पूर्वजाचे; एकमेकांपासून कधी दुरावले, ते कुणाच्या आठवणीत नाही. तरी त्यांना एकमेकांचं अक्षर लागतं. मीनल आणि मी इथल्याच लक्ष्मी गेटच्या एकाच गल्लीतल्या, दोघी मराठी, आणि आमचं गाडं ‘क’ आणि ‘ख’मध्ये अडलं. तेव्हापासून फोनवर मी जपून बोलते, “बेटा, उबाल दो।”