पाण्यावर गोळी नाही

आमचा लातूर नवा जिल्हा झाला आणि गावाकडे दुष्काळ पडला, त्या वर्षी मी लडाखमध्ये हवालदार होतो. घरची देवणी जनावरं चारा छावणीत बांधलेली. इकडे मी बर्फाच्या मुलुखात, पण तिथेही त्या हिवाळ्यात बर्फ पडलं नव्हतं. डोंगर आमच्या माळासारखेच उघडे, फक्त उंच.

चौकीखाली एकच झरा जिवंत होता. त्यावर आम्ही, मेंढपाळांच्या बकऱ्या आणि भरल, म्हणजे करड्या रंगाच्या रानमेंढ्या, सगळे जगत होतो. मेंढपाळांचा म्होरक्या नोर्बू. त्याने नियम घालून दिला होता. पहाटे भरल पिणार, ऊन आल्यावर बकऱ्या, दुपारी फौज. पाण्यावर आलेल्याला कुणी मारायचं नाही. लांडगा आला तरी त्याला पिऊन जाऊ द्यायचं, मग हाकलायचं. लेखी काही नव्हतं, पण चौकी हा नियम पाळायची.

चौकीत मराठी बोलणारे दोघंच. मी देवणीजवळचा आणि लान्स नायक गौतम नांदेडकडच्या उमरीचा. हसरा आणि तितकाच हट्टी गडी.

सुभेदारसाहेब रजेवर होते, चौकी माझ्याकडे होती. एका संध्याकाळी मागच्या हेडक्वार्टरमधून एक बडे अधिकारी आले, सोबत स्वतःची रायफल. मेसच्या पार्टीसाठी त्यांना भरलचं ताजं मटण हवं होतं.

"सुबह झरने पर आते हैं ना? वहीं मारेंगे."

"सर, यहाँ पानी पर गोली नहीं चलती."

"किसका ऑर्डर है?"

ऑर्डर कुणाचीच नव्हती. मी रेडिओवर कंपनीला कळवलं, "पोस्ट पर शिकार होनेवाली है. रोकने का हुकूम चाहिए. ओव्हर."

"वेट. आऊट."

ते वेट अजून संपलेलं नाही.

गौतम शेजारीच उभा होता. म्हणाला, "दादा, उद्याचं पाणी मी सकाळीच आणतो."

"आपण दुपारी भरतो."

"हाव. उद्या सकाळी भरू. माझ्या आज्याला पाण्यावरून दगडं मारून हाकललं होतं. तसलं मला हितं बघायचं न्हाई."

मी सकाळी पाणी भरायचा हुकूम दिला. हुकूम माझा होता, हे इथे स्पष्ट सांगतो.

पहाटे कळप उतरला. पिल्लं पुढे होती. साहेबांनी दगडावर रायफल टेकवली. तेवढ्यात गौतम दोन रिकामे जेरीकॅन एकमेकांवर आपटत, रायफलीच्या समोरून सरळ झऱ्याकडे चालत गेला. कळप कड्यावर पसार झाला.

"हटाओ उसको!"

"सर, चौकी का पानी भर रहा है."

गौतमने दोन्ही कॅन काठोकाठ भरले. मुद्दाम सावकाश. नोर्बू वरून बघत होता, त्याने टोपी काढली. शेवटी साहेबांनी रायफल खाली घेतली आणि जीपमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या पहाटे कळप पुन्हा पाण्यावर आला.

माझी बढती अडली. गौतमला वरच्या चौकीवर धाडलं. पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडलं, भरपूर पडलं. गस्तीवरून परतताना वरचा बर्फाचा कडा सुटला आणि गौतम त्यात गेला. बढतीचं मला काही वाटत नाही. गौतमचं वाटतं, फार वाटतं आणि रागही येतो. पण ती सकाळ पुन्हा आली तर मी तोच हुकूम देईन, आणि तोही तसाच कॅन वाजवत निघेल.

रिटायर झाल्यावर मी गावच्या माळावर हौद बांधला. धनगरांची मेंढरं येतात, हरणं येतात, लांडगाही येतो. त्यावरून लोक मला नावं ठेवतात, ठेवू देत. मागच्या उन्हाळ्यात दोघं बंदूक घेऊन हरणाच्या वाटेवर दबा धरून बसले. मी भरलेला जेरीकॅन उचलला आणि त्यांच्यासमोर हौदावर जाऊन बसलो.

"बाबा, बाजूला व्हा की."

"हितं गोळी चालत न्हाई."

"कुणाचा हुकूम हाय?"

"लान्स नायक गौतमचा."

"कुठं हायत ते?"

"ड्यूटीवर," मी म्हणालो.

दोघं बंदूक उचलून निघून गेले. मी कॅन हौदात ओतला.